गिऱ्हाईक उठेपर्यंत

कपड्यांच्या दुकानात माणूस निवडायचा त्यात काय एवढं मोठं, असं मला नेहमी ऐकायला मिळतं. शर्टच तर विकायचेत. मी वाद घालत नाही. गेली सहा वर्षं पनवेलला हायवेलगतच्या एका मोठ्या दुकानात मी फ्लोअर मॅनेजर आहे आणि सेल्सच्या मुलाखती माझ्याच गळ्यात पडतात. कितीतरी मुलामुलींना मी समोर बसवलं, बहुतेकांचे चेहरेही आता आठवत नाहीत. एक मुलाखत मात्र विसरता येत नाही. ती विसरायचा मला हक्कही नाही.

त्या दिवशी टेबलावर चार फॉर्म होते. तिसऱ्यावर वयाच्या रकान्यात एकसष्ट लिहिलं होतं. कोणीतरी चुकून सोळाचं उलटं लिहिलं असेल म्हणून मी हसले, आणि मग नाव वाचलं. फॉर्म उलटा करून ठेवला आणि उगाच पाणी प्यायले.

या माणसाने मला कामाला लावलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी जुन्या पनवेलच्या बाजारातल्या एका साडीच्या दुकानात मी नोकरी मागायला गेले होते. बारावी नापास, गाव न्हावा शेव्याच्या बाजूचं, बोलणं सगळं हाय-नाय. वडिलांचं मिठागरावरचं काम सुटलं होतं आणि भावंडांत मी थोरली. शेठनी फार काही विचारलं नाही. गादीवर एक आई आणि तिची लग्नाची मुलगी बसली होती, त्यांच्याकडे बोट करून म्हणाले, "दाखव साड्या." माझी मुलाखत ती एवढीच.

घरात मी टापटिपीची म्हणून माझं कौतुक व्हायचं. तेच नडलं. त्या बाईंनी एखादी साडी बाजूला सरकवली रे सरकवली की मी तिची चोख घडी घालून मागे ठेवायची. पाच-सहा साड्या दाखवून झाल्या तरी गादी लख्ख. मला वाटलं, काय छान जमतंय आपल्याला! तेवढ्यात मायलेकी उठल्या, चपला घातल्या आणि समोरच्या दुकानात शिरल्या. शेठ शांतपणे म्हणाले, "बेटा, हे तुझं काम नाही."

तेव्हा गादीच्या टोकाला बसलेले काका बोलले. ते तिथले सगळ्यात जुने सेल्समन, उरणकडच्या कोळीवाड्यातले. घरच्या होडीवर न जाता कापडाच्या धंद्यात शिरलेले त्यांच्या घरातले ते पहिलेच. म्हणाले, "शेठ, पंधरा दिवस माझ्या हाताखाली ऱ्हाऊ द्या तिला. नाय जमलं तर मीच घरी सोडून येतो."

मग मला जवळ बसवून त्यांनी सांगितलं, "बाय, गिऱ्हाईक उठेपर्यंत घडीला हात लावायचा नाय. ढीग पडू दे समोर. ढीग बघून त्यांना उठवत नाय. तू घडी घालायला घेतलीस म्हंजे तू त्यांना सांगितलंस, झालं आता, निघा."

पंधरा दिवसांची नऊ वर्षं झाली. साडी आपल्याच खांद्यावर टाकून पदर कसा सोडायचा, बस्त्याला पंधरा माणसं आली तर त्यातलं खरं कोणाचं चालतं हे कसं ओळखायचं, सगळं त्यांनी शिकवलं. मी चुकले की शेठसमोर चूक स्वतःवर घ्यायचे आणि मागे येऊन माझ्यावर असे डाफरायचे की रडू यायचं. पुढे मी मोठ्या दुकानात गेले, एसी होता, आठवड्याची सुट्टी होती. निघताना त्यांना म्हटलं, येत जाईन भेटायला. मी राहते त्या रोडपालीहून बाजार असा काय लांब? पण मी कधी गेले नाही. ते जुनं दुकान पाडून तिथे इमारत होणार असं कानावर आलं तेव्हा मी म्हटलं होतं, बरं झालं, आता गाडी लावायला जागा तरी होईल. काकांचं काय, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तर ते आता आमच्या ट्रायल रूमच्या मागच्या खोलीच्या दारात उभे होते. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, हातात प्लॅस्टिकची फाइल.

"मॅडम, येऊ का?"

मी उभी राहिले. "काका, मॅडम काय म्हणताय?"

"नाय, इथं मॅडमच," ते म्हणाले आणि मी बसेपर्यंत बसले नाहीत.

चहा मागवू का विचारलं तर नको म्हणाले. मग मी तो फॉर्म सरळ केला आणि त्यावरचे प्रश्न एकेक करून विचारले, कारण दुसरं काय बोलावं ते सुचेना. कॉम्प्युटरवर बिल करता येतं का? शिकवलं तर येईल. नऊ तास उभं राहावं लागेल. राहीन. शेवटचा प्रश्न वरून छापून आलेला, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? एकसष्ट वर्षांच्या माणसाला हा प्रश्न विचारणारी मी एकटीच असेन.

ते जरा हसले. "पाच वर्षांनी? असलो तर इथंच असंन, मॅडम."

मग त्यांनी फाइल मांडीवर घेतली आणि खाली बघत म्हणाले, "सहा महिने घरी हाय मी. सून काय बोलत नाय, चांगली हाय. पण सकाळी सगळी आपापल्या कामाला लागली की घरात मी कुठं बसावं तेच कळत नाय. पगार किती ते नाय मी इचारणार. उभं राहायला जागा दे." तेवढ्या वाक्यात ते 'मॅडम' विसरले होते. 

जागा देणं माझ्याच हातात होतं. फॉर्म पाहिल्यावर मी सकाळीच आमच्या वरच्या साहेबांना फोनवर विचारलं होतं, ते म्हणाले होते, "वयाची अट कागदावर नाही. तुम्हाला घ्यायचं तर घ्या. पण विक्रीचं टार्गेट चुकलं तर माझ्याकडे यायचं नाही." म्हणजे फॉर्मच्या खाली 'योग्य' समोर मी खूण केली असती, की काका दुसऱ्या दिवसापासून कामावर आले असते. मध्ये कोणीही नव्हतं.

मी म्हटलं, "मला शर्ट दाखवा, काका. मुलासाठी. बारावीत आहे." आमच्या मुलाखतीत शेवटी हे असतंच, मुलाखत घेणाऱ्यानेच गिऱ्हाईक व्हायचं.

त्यांनी साइझ विचारला नाही. "अंगानं कसा हाय? बापावर गेला का तुझ्यावर?" म्हणाले. कपाटातून शर्ट काढले, टाचण्या काढून आपल्या कॉलरला लावत गेले, पुठ्ठे बाजूला, आणि एकेक शर्ट हात फिरवून टेबलावर उघडत गेले. आमच्याकडे पॅक शर्ट उघडायचा नसतो, हँगरवरचा नमुना दाखवायचा असतो. ते मी सांगितलं नाही. सांगावंसंच वाटेना. हात तेच होते. सातवा शर्ट फिकट निळा होता. तो त्यांनी माझ्यासमोर तसाच धरून ठेवला. खरं सांगते, तो शर्ट मी मनात घेऊनही टाकला होता.

टेबलावर शर्टांचा ढीग, पलीकडे काका, अलीकडे मी. मी विचार करत होते की शनिवार-रविवारच्या गर्दीत यांना झेपेल का, फ्लोअरवरची पोरं यांना हसतील का, महिनाअखेरीला साहेबांसमोर काय सांगू. माझी नोकरी जाईल अशी मला भीती वाटत होती, हेही लिहून टाकते. तेवढ्यात फोन वाजला. बाहेर चौथी उमेदवार येऊन बसली होती. "पाच मिनिटं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आणि माझे हात पुढे गेले. समोरचा शर्ट ओढला, बटणं लावली, पालथा केला, बाह्या मागे घेतल्या, घडी घातली. मग दुसरा घेतला. दिवसभर हेच करतो आम्ही, पडलेला कपडा दिसला की घडी घाल. माझं लक्षही नव्हतं. दुसऱ्या शर्टाची कॉलर नीट करताना मी वर पाहिलं.

काका माझ्या हातांकडे बघत होते.

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी कॉलरच्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या, फाइल उचलली आणि उठले.

"काका, बसा ना. अजून झालं नाही."

"झालं, बाय," ते म्हणाले. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मला बाय म्हटलं. "चांगली घडी घालतेस. येतो मी."

मी उठून त्यांच्या मागे जायला हवं होतं. दार ते जिना हे अंतर वीस पावलांचं आहे, आणि त्यांचे गुडघे दुखतात हे मला जुन्या दुकानापासून माहीत होतं. मी हाक मारली असती तर ते थांबले असते. पण मी हातात तो शर्ट धरून बसून राहिले, कारण हाक मारली असती तर मला 'योग्य' समोर खूण करावी लागली असती. मी अजून काही ठरवलंच नव्हतं, असं पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला समजावत होते. ते खोटं आहे. मी ठरवलं होतं, आणि माझ्याआधी ते त्यांना समजलं होतं.

ढिगातले उरलेले पाच शर्ट मी घडी घालून टाचण्या लावून ठेवले. फॉर्म कोरा पाठवता येत नाही. खाली शेऱ्यासाठी एक ओळ असते. तिथे मी चांगल्या अक्षरात लिहिलं, 'उमेदवार स्वतःहून उठून गेले,' आणि चौथ्या मुलीला आत बोलावलं.