उलट्या तिरक्या घाशा

ती पोरगी आणि तिचा लोखंडी जॉब मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा पोंभुर्ण्याच्या बाजूचं, जंगलाला लागून असलेलं एक ठाणं माझ्याकडे होतं. दुपारी फोन आला, नाव न सांगता. "साहेब, आयटीआयच्या फिटरच्या प्रॅक्टिकलमधी जॉब बदलून राह्यले. भंगाराचा ड्रम पाहा." स्टेशन डायरीत नोंद केली आणि महिला शिपायाला घेऊन निघालो.

कानशीनं घासून लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत तंतोतंत बसवायचे, हा जॉब. त्यावर परीक्षा क्रमांक ठोकलेला असतो. एका मुलीच्या क्रमांकाचा जॉब तपासणीसाठी कुलपात ठेवायच्या कपाटात होता आणि त्याच क्रमांकाचा दुसरा ड्रममध्ये! पंचनामा केला. तिची कारखान्यात निवड झालेली, फक्त प्रमाणपत्र बाकी. परीक्षा रद्द झाली की सगळं गेलं.

तिला विचारलं. तिनं कपाटातल्या जॉबवरून बोट फिरवलं आणि मान खाली घातली. "म्याच बदलला, साहेब."

इतक्या लवकर कोणी कबूल झालं की मला संशय येतो. चोर असं वागत नाही. जबाबावर सहीसाठी पेन पुढे केलं, तर तिनं ते डाव्या हातात घेतलं. मी दोन्ही जॉब परीक्षकांपुढे ठेवले.

"डावखुऱ्याच्या घाशा, म्हणजे कानशीचे ओरखडे, उलट्या तिरक्या पडतात," ते म्हणाले. "हिचा जॉब ड्रममधला आहे."

"मग कपाटातला कोणाचा, बाई?" मी विचारलं. ती रडायला लागली, पण नाव घेईना.

वर्कशॉपची झाडलोट करणारा, कपाटाची किल्ली सांभाळणारा माणूस दारातून पुढे आला. तिचा बाप. पूर्वीचा फिटर, नजर अधू झाली म्हणून काम सुटलेलं.

"तिले सोडा, साहेब. म्या घरून करून आनला. पोरगी डाव्या हातानं कानस मारते. परीक्षक नापास करन, असं भेव वाटलं मले."

परीक्षकांनी दोन्ही जॉब उजेडासमोर धरले. बापाच्या जॉबमधून उजेड आरपार येत होता. पोरीच्या जॉबला केसाएवढीही फट नव्हती. अरे देवा! चांगला फेकून वाईट ठेवला होता या माणसानं. मला राग आला.

"भाऊ, पोरीला काम करताना कधी पाहिलं का?"

"नाई साहेब. तिनं डाव्या हातात कानस घेतली का मी मान फिरवो."

बापावर गुन्हा नोंदवला. कायद्यात मायेला कलम नाही. वरिष्ठांच्या परवानगीनं मुलीची परीक्षा पुन्हा झाली, परीक्षकांच्या डोळ्यांसमोर, आणि ती पास झाली.

पुढे मी प्रत्येक केंद्राला बजावायचो, कपाटाला दोन कुलपं लावा, नातलगाला ड्यूटी देऊ नका. ते ठीकच. पण लबाडीच्या मुळाशी हावच असते, हा माझा इतक्या वर्षांचा समज त्या बापानं मोडला. फेरपरीक्षेच्या दिवशी त्याला चौकशीसाठी आयटीआयमधून ठाण्यात नेताना तो वर्कशॉपच्या खिडकीशी थांबला. आत पोरगी कानस चालवत होती. तो डोळे बारीक करून बघत राहिला.

"साहेब, गुन्हा राहू द्या माह्यावर," तो म्हणाला. "पन तिचं होईपर्यंत इथी उभं राहू द्या."

मी शिपायाला जीप बंद करायला सांगितली.