चिखलदरा, आई-बाबा आणि तोंडातून निसटलेलं कोल्हापूर

तीन दिवस चिखलदऱ्याला जायचं असं बाबांनी जाहीर केलं आणि माझं तोंड उतरलं. कारण सांगायची सोय नव्हती. माझा संग्राम कोल्हापूरला, मी नागपुरात. पुण्यात एका ऑफिसात होतो तेव्हा जमलं. दोन वर्षं झाली मी घरून काम करते आणि सकाळ-संध्याकाळचा फोन हाच आमचा संसार. घरी कोणाला पत्ता नव्हता. चिखलदऱ्यात रेंजची बोंब असते हे मात्र मला पक्कं माहीत होतं.

सकाळी सातला निघालो. कोंढाळीला तर्री-पोहे हाणले, परतवाड्याला पेट्रोल भरलं. तुम्हीही भरून घ्या, पुढे घाट आहे. बाबा पन्नासच्या वर गाडी नेत नाहीत, म्हणून पोचायला दीड वाजला. खोली अठराशेला मिळाली, स्वच्छ होती. रेंज फक्त मागच्या पाण्याच्या टाकीपाशी. तिथे उभं राहून मी संग्रामचे रेकॉर्ड केलेले निरोप ऐकत होते. धुकं, दरी, सगळं सुंदर होतं आणि मला काही म्हणता काही गोड लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंचबोल पॉइंट. तिथे ओरडलं की आवाज परत परत येतो. मला त्याचं नाव घ्यायचं होतं, पण तेवढ्या वेळा आईच्या कानावर गेलं असतं. मुकाट्यानं स्वतःचंच नाव ओरडले.

मग जेवायला बसलो. पिठलं-भाकरी झकास. आई शेजारच्या दुकानात रबडी घेत होती, तिथूनच तिनं विचारलं, "काय करून राहिली वं?"

तोंडात घास होता. मी म्हटलं, "जेवालोय."

आता नागपूरची पोरगी 'जेवून राहिली' म्हणेल. 'जेवालोय' हे कोल्हापूरचं, आणि तिकडे बायाही स्वतःला 'आलो, गेलो'च म्हणतात. संग्रामच्या बहिणीशीही रोज फोनवर बोलून माझ्या जिभेनं घर बदललं होतं.

आई नर्स होती. ती रबडी घेऊन समोर बसली. "आमच्या वॉर्डातल्या सिस्टर अशाच बोलत. कोल्हापूरच्या होत्या. कोण आहे तो?"

मी सगळं सांगून टाकलं. नाव, नोकरी, लग्न करायचंय तेही. बाबांनी एकच विचारलं, "रेल्वेनं किती वेळ लागते?"

"जवळजवळ एक दिवस."

त्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली. नंतर आम्ही गाविलगड पाहिला. किल्ला मोठा आहे, दोन तास हाताशी ठेवा.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. रेंज फुल. मी फोन घेऊन गॅलरीकडे निघाले तर आई बॅग उपसता उपसता म्हणाली, "तीन दिवस नीट बोलणं नाही झालं त तुझं तोंड एवढुसं झालं. तू तिकडं गेल्यावर आमचं काय होईन, हे पाहिलं का?"

नव्हतं पाहिलं. खरंच सांगते. दोन वर्षं मला वाटत होतं, झुरणं काय ते माझ्याच वाट्याला आलंय.

बाबा पंख्याखाली बसले होते. म्हणाले, "बोलाव त्याले. पाहू त खरं, कोणासाठी आमचं घर खाली होऊन राहिलं."

फोन हातातच राहिला. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले.