कोरसची ओळ

माझी आतेबहीण भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामात पॅकिंगला जाते. आठ तास उभं राहून खोक्यांना टेप लावते आणि चौदा एप्रिल आला की रजा टाकून जयंतीची गाणी गाते. बावीस वर्षं मी तिच्या मागे ढोलकी वाजवतोय, त्यामुळे उगाच कौतुक करणाऱ्यांतला मी नव्हे. तरी सांगतो, असा आवाज मी दुसरा ऐकलेला नाही. भिवंडीबाहेर मात्र तिला कुणी ओळखत नाही. चाळिशी उलटली तसं हे तिला सलायला लागलं.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेने यंदा वयाची अट काढली. पुढच्या वर्षी ती परत घालतील, असं सगळेच म्हणत होते. ताईने फॉर्म भरला. ठाण्याला निवड फेरी होती.

आमच्याकडे गाणारी बाई ओळ म्हणते आणि थांबते. तीच ओळ मागचा कोरस उचलतो, समोरची माणसंही त्यात आवाज मिसळतात. तेवढ्यात ती श्वास घेते. आमचा कोरस म्हणजे बहुतेक वेळा मीच.

दारावरच्या बाईंनी मला बजावलं, "वादकांनी गायचं नाही हं. परीक्षकांना फक्त यांचा आवाज ऐकायचाय." मी शहाण्यासारखी मान डोलावली. ताई तेव्हा आरशासमोर पदर नीट करत होती. तिला हे सांगायला हवं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहिली ओळ तिने अशी लावली की परीक्षकांनी हातातला फोन खाली ठेवला. मग ती सवयीने थांबली. मी नुसती ढोलकी वाजवत राहिलो. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"शब्द विसरलात का?" परीक्षकांनी विचारलं.

तिने पुन्हा सुरुवात केली, पण आवाज थरथरत होता. अर्ध्यावरच त्यांनी थँक यू म्हटलं.

परतताना मानकोलीला रिक्षात बसल्यावर तिने विचारलं,

"तू का न्हाय उचललीस रे?"

"गायचं न्हाय म्हणाले होते, ताई."

"आणि तू ऐकलंस."

मला लाज वाटली. अजून वाटते.

त्यानंतरचा पहिला कार्यक्रम अंजूरला झाला. गर्दी नेहमीसारखीच होती. ताईने पहिली ओळ म्हटली. मी तोंड उघडलं, तोवर तिने तीच ओळ स्वतःच दुसऱ्यांदा उचलली होती.