पाच दरवाजे, भाग दुसरा

परवा माझी नात तोंड पाडून बसली होती. संगणकावरच्या तिच्या लाडक्या खेळाचा दुसरा भाग आला होता. त्या खेळात आपण कोणीतरी व्हायचं, कोणी योद्धा, कोणी जादूगार, आणि डोंगरदऱ्या हिंडायच्या. पहिला भाग तिनं तीनदा संपवला होता. दुसऱ्यासाठी दोन वर्षं वाट पाहिली आणि दोन तासांत निकाल दिला, "आज्जी, पार वाट लावली गं यांनी." तिची आई म्हणाली, खेळच तो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मी मात्र नातीच्या बाजूनं. सत्तरच्या दशकात, रिठदला, आमच्या गावी, आमच्याही खेळाचा दुसरा भाग आला होता आणि तो इतका भिकार होता की मी बनवणारीच्या तोंडावर तसं सांगून टाकलं होतं. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

खेळ काढला होता माझ्या आतेबहिणीनं, ताईनं. ती धनजची. दर उन्हाळ्यात दोन एस.टी. बदलून मामाकडे, म्हणजे आमच्याकडे, महिनाभर राहायला यायची. पहिल्या वर्षी मी दहाची आणि ताई चौदाची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं आमच्या सारवलेल्या अंगणात खडूनं अख्खं रिठद काढलं, त्यात पाच चौकोन काढले आणि म्हणाली, "हे पाच दरवाजे. प्रत्येकावर एक राखणदार. त्याच्या तोंडून एक शब्द काढला का दरवाजा उघडते."

राखणदार म्हणजे गावातली खरीखुरी मोठी माणसं, आणि गंमत ही की त्यांना स्वतःला याचा पत्ता नाही. शिंप्याच्या तोंडून 'हत्ती' काढायचा. शेजारच्या किराणा दुकानातल्या शेठजींच्या तोंडून 'कांदा'. डाकवाल्याच्या तोंडून 'समुद्र'. मास्तरांच्या तोंडून 'माहीत नाही'. आपण तो शब्द उच्चारायचा नाही आणि समोरच्याला खेळाचा वास लागू द्यायचा नाही. लागला तर तो दरवाजा आठ दिवस बंद.

आम्ही खेळाडू तिघं. डब्यातून चिठ्ठी काढायची आणि चिठ्ठीत जे निघेल ते महिनाभर व्हायचं. प्रत्येकाला एक गुण, एक खोड. मला निघाली दरोडेखोरीण. गुण असा की कोणाच्याही घरात न विचारता शिरता येतं, आणि खोड अशी की खोटं बोलता येत नाही. माझ्या धाकट्या भावाला निघाला मुका राजा, आणि त्याचं ते चोवीस तास चालणारं तोंड बंद झालं म्हणून मायनं ताईला दोन आंबे जास्तीचे दिले. शेठजींची मुलगी माझी मैत्रीण. तिला निघाली नव्वद वर्षांची म्हातारी. तिनं काठी घेऊन चालायचं आणि सगळ्यांना 'बाळा' म्हणायचं. ती आपल्या बापालाही 'बाळा' म्हणू लागली. शेठजी बिचारे दोन दिवस तिचं कपाळ हात लावून पाहत होते.

शेठजी जैन. घरात कांदा नाही, दुकानात कांदा नाही, मग तोंडात कुठून येणार? आम्ही नऊ दिवस घालवले. शेवटी मुका राजा पिशवी घेऊन दुकानात गेला. हातानं गोल दाखवलं, सोलून दाखवलं, मग डोळे पुसून दाखवले. शेठजी घाबरले. "कोन गेलं रे बावा?" भावानं मान हलवली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "कांदा? अबे, कांदा मागाले माह्या दुकानात आला?"

डाकवाल्याला म्हातारीनं सहज विचारलं, "बाळा, तुझी ही सायकल सरळ हाकली तर कुठवर जाईल?" तो म्हणाला, जाईन समुद्र येईपर्यंत. मास्तर मात्र लय टणक. त्यांना प्रत्येक गोष्टीचं उत्तर यायचं, चुकीचं का असेना. एके दिवशी मी सरळ त्यांच्या घरात शिरले आणि त्यांच्या बायकोनं आतून विचारलं, "चष्मा कुठी ठेवला हो?" मास्तर म्हणाले, "माहीत नाही." मी तिथल्या तिथे नाचले. मास्तरांना वाटलं पोरीला उन्ह लागलं.

दर वेळी ताई थोडं लांब उभी राहून कान देऊन ऐकायची, आणि दरवाजा उघडला की त्यामागचा मुलूख सांगायची. शिंप्यामागं बटणांचं जंगल होतं. शेठजींमागं गुळाचा डोंगर आणि शेळीएवढाले मुंगळे. ती सांगत असताना भाताचा घास हातात तसाच राहायचा.

पाचवा दरवाजा होता माझे बाबा. त्यांच्या तोंडून काढायचं होतं, 'माझं चुकलं'. बाबा वाईट नव्हते हो, पण चुकणं त्यांना ठाऊकच नव्हतं. बैल चुकायचा, पंचांग चुकायचं, रिसोडची एस.टी. चुकायची. आम्ही त्यांचा एक जोडा लपवला. ते एका पायात जोडा घालून अंगणभर फिरले आणि शेवटी म्हणाले की कुत्र्याचं चुकलं. सुट्टी संपली तरी पाचवा बंदच. ताई परतीच्या एस.टी.त चढताना मी तिला विचारलं, बाबांच्या मागं काय आहे? ती म्हणाली, "मलेही मायीत नाई. उघडला का पाहू."

त्यावर मी वर्ष काढलं. शाळेत, वावरात, जेवताना, माझ्या डोक्यात एकच, पाचवा दरवाजा. दरोडेखोरीण तिथवर पोचलीच पाहिजे.

दुसऱ्या उन्हाळ्यात ताई आली ती साडी नेसून. बगलेत गुंडाळलेला मोठा पुठ्ठा. आम्हाला माजघरात बसवलं आणि पुठ्ठा उलगडला. घरं आखलेली, रंग दिलेले, कोपऱ्यात पाच दरवाजे, आणि वहीत सुवाच्य अक्षरात नियम. वर्षभर खपून केलेलं दिसत होतं. "हा भाग दुसरा," ती म्हणाली. बसून खेळायचं. कवड्या टाकायच्या, सोंगट्या सरकवायच्या. दरोडेखोरीण नव्हती. मी पिवळी सोंगटी होते.

आम्ही खेळलो, खोटं कशाला सांगू. मुकाट्यानं तास दीड तास कवड्या टाकल्या. मग भावाच्या पाचही कवड्या उताण्या पडल्या आणि ताई म्हणाली, "उघडला पाचवा." झालं. इतकंच. ज्याच्यासाठी मी वर्षभर झुरले तो पाचवा दरवाजा कवड्यांनी उघडला, आणि आतमध्ये पुठ्ठ्यावर एक फूल काढलेलं.

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "याच्यापेक्षा सापशिडी बरी. त्याच्यात साप तरी चावते." मैत्रीण खाली बघायला लागली. ताईनं पुठ्ठा गुंडाळला, सुतळी बांधली आणि कपाटामागे ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी राग उतरल्यावर मी तिला म्हणाले, चल, शेठजींच्या दुकानावर जाऊ. ती घरापुढच्या वट्ट्यावर तांदूळ निवडत होती. "तू जाय," ती म्हणाली, "मी अठूनच पायतो." मी हात धरून ओढलं तर मायनं आतून मला हाक मारली आणि हळूच सांगितलं की ताई आता मोठी झाली, तिला वट्ट्याखाली उतरू द्यायचं नाही, बाबांनी सांगून ठेवलंय. औंदा तिच्यासाठी स्थळं पाहणार आहेत.

मला चुलीपाशी बसून रडू आलं. म्हणून तिनं गाव पुठ्ठ्यावर आणलं होतं. तिला गावात जाता येणार नव्हतं आणि तरी आमच्याबरोबर खेळायचं होतं. आणि मी काय म्हणाले, तर सापशिडी बरी.

मग मी ठरवलं, ताई दरवाज्यांपाशी जाऊ शकत नाही ना, तर दरवाजे ताईपाशी आणू. जुनाच डबा काढला. आम्ही तिघांनी आपापली गेल्या वर्षीचीच सोंगं घेतली. आजवर ताईला कधी चिठ्ठीच मिळाली नव्हती, ती आपली खेळ सांगणारी. या वेळी चिठ्ठी भावानं लिहिली. तिला निघाला घोडेस्वार. खोड काय, तर बसता येत नाही. ताई चिठ्ठी वाचून पदर तोंडाला लावून हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

मी चौघा राखणदारांकडे गेले. दरोडेखोरणीला खोटं बोलता येत नाही, म्हणून खरं तेच बोलले, "चार वाजता आमच्या वट्ट्यावर या. काम आहे. काय ते सांगता येत नाही."

आता आमच्याकडची रीत बघा. सोयरीक जुळत आली की कोणी तोंडानं बोलत नाही, मध्येच कोणी काडी घालेल म्हणून. घरातलं लेकरू नुसतं सांगून येतं, वट्ट्यावर या. घरात लग्नाची पोरगी, चार वाजताची वेळ, आणि सांगता येत नाही. मला हे कुठं ठाऊक? चौघांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

चारला मास्तर धुतलेली टोपी घालून आले. शिंपी गळ्यात टेप अडकवून आला. शेठजींनी रीतीप्रमाणे साखर आणली. डाकवाल्यानं सायकल कडूनिंबाला टेकवली आणि तोही ऐसपैस बसला. मायची तारांबळ उडाली. पण दारी आलेल्याला कायले आले असं विचारत नाहीत, म्हणून तिनं पोहे टाकले. ताई बशा घेऊन बाहेर आली. "बस ना माय," मास्तर तिला म्हणाले. ताई काही बसेना. मास्तरांनी शेठजींकडे पाहून मान डोलावली, पोरगी वळणाची आहे.

ताईनं शेठजींपुढं बशी धरली आणि नुसती थांबली. शेठजींनी बशीत वाकून पाहिलं. "कांदा नाई ना टाकला?"

नऊ दिवस घालवले होते हो आम्ही. ताईला एक शब्दही बोलावा लागला नाही. शिंप्याला तिनं विचारलं, एवढा मोठा टेप कोणाच्या मापाचा? तो म्हणाला, "हत्ती आला तरी पुरते." डाकवाल्याचा 'समुद्र' पोह्यांच्या दुसऱ्या बशीवर निघाला. तेवढ्यात शेजारची काकू कुंकवाचा करंडा घेऊन धावत आली आणि मास्तरांना विचारू लागली, "पोरगा कोन्या गावचा हो?" मास्तरांनी शिंप्याकडे पाहिलं, शिंप्यानं शेठजींकडे. मास्तर खाकरले आणि हळूच म्हणाले, "माहीत नाही."

मुका राजा माझ्या पाठीत गुद्दे मारत होता. चार उघडले. ताईचे कान लाल झाले होते आणि आनंदाच्या भरात ती रिकामीच बशी सगळ्यांपुढं धरत होती.

आणि बाबा वावरातून आले.

"जमलं म्हनाचं भाऊ," शेठजी उठून म्हणाले.

"काय जमलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं तर बोलता येत नव्हतं. मी सांगितलं, सोयरीक नाही, काही नाही. ताईला वट्ट्याखाली जाता येत नाही, म्हणून मी यांना वट्ट्यावर आणलं. तिला करमत नाही. खेळाबद्दल मला कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

डाकवाल्याला हसू आवरेना. शिंप्यानं टेप खिशात घातला. बाबांनी वट्ट्यावर नजर फिरवली, साखर पाहिली, करंडा पाहिला, रिकाम्या बशा पाहिल्या. मग ताईकडे पाहिलं. ती अजून उभीच होती.

"पोरगी घरात बसवली," बाबा म्हणाले, "तं अर्धं गाव घरात येऊन बसलं." त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं. "माह्यं चुकलं बाप्पा. जाय तू, कुठी जाचं तिकडं जाय."

बाबा कातावून बोलले होते, पण बोलले होते. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. कोणाच्याच तोंडून आवाज निघेना, त्यामुळे मुका राजा कोण ते ओळखू येईना.

ताईनं बशी खाली ठेवली. वट्ट्याच्या तीन पायऱ्या उतरली, साडीचा काष्टा खोचला आणि अनवाणी पळत सुटली. आम्ही मागं. शेठजींचं दुकान गेलं, शिंप्याचं मशीन गेलं, शाळा गेली. गेल्या वर्षीचा खडूचा नकाशा जिथं संपायचा तो नालाही तिनं ओलांडला, आणि पलीकडच्या माळावर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय आहे व अठी?" भावानं विचारलं. महिनाभर मुकं राहायचं तो पार विसरला होता.

ताईला धाप लागली होती. तिनं चहूकडे पाहिलं.

"थांब बे," ती म्हणाली, "आत्ताच तं आली मी."