लहान होत जाणारं माप

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी कॉलेजला जाताना बसमध्ये वाचते आणि, खरं सांगते, बहुतेक वेळा मैत्रिणीला वाचून दाखवून हसते. त्यामुळे स्वतः लिहायला बसताना लाज वाटतेय. पण हे मी अजून घरी सांगितलेलं नाही, आणि कुठेतरी सांगायला हवं.

मी एसवाय बीकॉमला आहे. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. पप्पा मूळचे लातूरकडचे, चाकणला एका कंपनीत आहेत. सकाळी कॉलेज करून दुपारी मी चिखलीतल्या एका पडद्यांच्या दुकानात काम करते. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, एवढंच काम. सुरुवातीलाच मी एका ब्लाइंडचं, म्हणजे चौकटीत बसणाऱ्या पट्ट्यांच्या पडद्याचं, माप चुकवलं होतं. तेव्हा पप्पा म्हणाले होते, "माप जमत नसेल तर सांग, चाकणला पॅकिंगला लावतो. कॉलेज बाहेरून कर." पप्पा रागावले नव्हते. ते खरंच तसं करणार होते.

दुकानाचे मालक, आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्यांनी मला परत शिकवलं. "पडदा दोन इंच मोठा झाला तर झोळ पडतो, गिऱ्हाईक चालवून घेतं. ब्लाइंड चौकटीच्या आत बसतो. तो दोन सूत मोठा झाला की भंगार." इंचाचे आठ सूत. म्हणून चौकटीच्या आतलं माप तीन ठिकाणी घ्यायचं, वर, मध्ये, खाली, आणि सगळ्यात लहान आकडा लिहायचा.

मोशीजवळ नवीन सोसायटी झाली आहे. तिथे तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायला आल्या होत्या. फ्लॅट कोरा, आधी कोणी राहिलेलंच नाही. दुपारचे दोन वाजले होते. हॉलचं, दोन बेडरूमचं माप झालं. लहान खोलीच्या दाराशी काकू थांबल्या आणि माझ्या हातात फडकं दिलं.

"हे असू दे. त्या खिडकीला लागतं."

"धूळ आहे का काकू?"

"धूळ नाही गं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

साधी सरकती खिडकी, ॲल्युमिनियमची. फक्त वास होता... आजारी माणसाच्या, न धुतलेल्या तोंडाचा. मला वाटलं ड्रेनेजचा पाइप जवळ असेल. मी टेपचं टोक डाव्या कडेला टेकवलं आणि टेप उजवीकडे ओढला. वर ४७ इंच ६ सूत. मध्ये ४७ इंच २ सूत. खाली ४६ इंच ६ सूत.

एक-दोन सुतांचा फरक प्लास्टरमुळे पडतो. पूर्ण इंच नाही पडत. म्हणून मी परत वर घेतलं. ४६ इंच.

पहिल्यांदा चूक माझीच वाटली. पुन्हा टेकवला, ४५ इंच ४ सूत. नीट बघायला मी डाव्या कडेवर अंगठा दाबला, आणि अंगठा आत गेला. थोडासाच. ते ऊन लागल्यासारखं कोमट होतं, आणि मऊ. मी हात काढला तर अंगठ्यापासून कडेपर्यंत तार आली, चिकट, पिवळट. टेपचं बटण दाबलं. एरवी तो सटकन आत येतो. तो हळूहळू आला, मधे मधे थांबत, कोणीतरी दुसरं टोक ओठांत धरून चोखत असल्यासारखा. पट्टी ओली होती आणि तिच्यावर एक पांढरा केस चिकटलेला होता.

मला भीती नाही वाटली हो. किळस आली. मी त्यांच्या बाथरूममध्ये जाऊन ओकले.

आता चूक सांगते. सोसायटीत सगळ्या मजल्यांचा प्लॅन एकच असतो. वरच्या फ्लॅटचं काम आम्ही आदल्याच महिन्यात केलं होतं, स्लिपचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. त्याच खोलीची, तीच खिडकी, ४७ इंच ६ सूत. मी तोच आकडा उतरवला. मापं घेणारे पुष्कळ जण असं करतात, आणि दादांना नेमका याचाच राग आहे. पण त्या खिडकीला पुन्हा हात लावायचा नाही, एवढंच मला कळत होतं.

आठवड्याने फिटर गणपतमामा ब्लाइंड बसवायला गेले आणि तो तसाच परत घेऊन आले.

"चार बोटं मोठा हाय," त्यांनी तो दुकानाबाहेरच ठेवला. "आन् ह्याला आत न्हाई आणायचा. मी आडवा घालून बघितला, तर त्या कडेनं चाटला ह्याला."

"काय बोलताय मामा?" दादा म्हणाले.

"व्हय तर! तुमी वास घिऊन बघा."

दादांनी स्लिप काढली, मग माझ्याकडे पाहिलं. "माप घेतलं होतंस?"

हो म्हणता आलं असतं. नवीन बिल्डिंग, चौकट खचली असेल, मामा चुकले असतील... काहीही. पण मामांच्या वीस वर्षांच्या कामावर ते ढकलायचं माझ्याच्याने होईना. मी वरच्या फ्लॅटचं सांगून टाकलं. खिडकीचंही सांगितलं, पण ते सांगताना बहाण्यासारखंच वाटत होतं.

"उद्या मी स्वतः जातो," दादा म्हणाले. "खिडकी साधी निघाली, माप नीट घेता आलं, तर पप्पांना बोलावून घेईन."

त्या रात्री मी पुस्तकं आवरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दादा बाराच्या सुमारास परत आले. सरळ बेसिनकडे गेले. साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. पुसले, वास घेतला, परत धुतले. मी स्टूलवर बसून होते.

"किती आलं दादा?"

"दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा टेप सोडून दिला मी."

"म्हणजे पडला?"

"आत गेला." त्यांनी पुन्हा नळ सोडला. "त्या खिडकीची ऑर्डर कॅन्सल. बाकीची मापं बरोबर आहेत तुझी. उद्या तळवड्याला दोन फ्लॅट आहेत, वेळेवर जा. आणि आकडा उतरवायचा नाही, नाही जमलं तर नाही जमलं म्हणून यायचं."

पप्पांना त्यांनी काहीच सांगितलं नाही. माझं कॉलेज चालू आहे.

हे काय होतं, मला माहीत नाही. मामांनी मोशी गावात विचारलं, त्या जागेवर पूर्वी कोणाचं काही झालेलं नाही. बिल्डरचा माणूस म्हणाला, चौकटीच्या फटी भरायचं सीलंट खराब निघालं. असेल. पण सीलंट मी नंतर मुद्दाम हात लावून पाहिलं, ते तसं नसतं.

बाकीच्या खोल्यांचे पडदे द्यायला मी मामांबरोबर गेले होते. लहान खोलीत काकूंनी खिडकीसमोर लाकडी कपाट लावून टाकलं होतं.

"बरं केलंत," मी म्हटलं.

"हो गं," काकू म्हणाल्या. "फक्त मागची फळी रोज पुसावी लागते."