मामांची चित्रफेरी

हुबळीतल्या निम्म्या माणसांनी आयुष्यात एखादं तरी आधुनिक चित्र पाहिलं असेल, तर ते आमच्या वहिनीच्या मामांनी दंडाला धरून नेलं म्हणूनच. मामा रेल्वेच्या हिशेबखात्यातले. हातात कधी कुंचला धरला नाही. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मामी गेल्या. विद्यानगरातलं घर खायला उठायला लागलं, रविवारी तर फारच. नेमक्या त्याच सुमारास देशपांडे नगरातल्या पैसेवाल्या डॉक्टरांना कलेचं वेड लागलं. कुणी गॅरेज रिकामं केलं, कुणी दिवाणखाना, आणि भिंतींवर चित्रं लागली. मामांना रविवार सापडला!

सकाळी दहाला चौकात उभे राहून ते माणसं गोळा करत. बसची वाट बघणारा चालायचा, कोथिंबीर निवडणाऱ्या बाई चालायच्या. ‘बर्री, नोडरी!’, म्हणजे या, बघा, असं कानडीत बोलावायचं आणि मराठीत गळ्यात पडायचं. मला तर ते अंथरुणातून उपसून नेत. नुसत्या काळ्या रंगाच्या चित्रापुढे एकदा एक वकील कुरकुरले, ‘यात कळण्यासारखं काय आहे हो?’ मामा शांतपणे म्हणाले, ‘कळायलाच पाहिजे असं कुठं आहे? बायको तरी कुठं कळली होती? पण रोज बघत होतोच की.’ आणि वकिलांना दंडाला धरून ते पुढच्या चित्राकडे घेऊन गेले.

मग तो चपलांचा घोटाळा झाला. एका डॉक्टरीणबाईंच्या गॅलरीत बंगळूरच्या कुणा कलावंतानं दारातच जुन्या चपलांचा ढीग मांडला होता. तीच कलाकृती. आता आमची माणसं पडली संस्कारी, चपला घालून कुणाच्या घरात शिरतील होय? सगळ्यांनी आपापल्या चपला त्या ढिगात व्यवस्थित काढल्या आणि सगळी अनवाणी आत गेली. मामा आत रंगांवर इतकं बोलले की बाहेर येईपर्यंत कुणाची चप्पल कुठली, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. एक काकू कलाकृतीतलीच बरी जोडी घालून बिनधास्त घरी गेल्या. कलावंत कपाळाला हात लावून बसला. मामा म्हणाले, ‘अहो, माणसं कलेत उतरली, यापेक्षा आणखी काय पाहिजे?’

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. ‘मामा, तुम्ही एकटे केव्हाही या हो,’ त्या गोड आवाजात म्हणाल्या, ‘पण घोळका आता नको.’ आठवड्याभरात बाकीच्या बंगल्यांतूनही तेच सांगणं आलं. बाईंना वाटलं, आपण सवलत दिली. अहो, एकटंच बसायचं असतं तर घरात काय खुर्च्या कमी होत्या? मला त्या बाईंचा संताप आला, अजूनही येतो.

मामांनी त्यातूनही वाट काढली. ‘एक माणूस म्हणजे काही घोळका नव्हे,’ असं म्हणून पुढच्या रविवारी ते माझ्या दारात हजर. त्या दिवशी आम्ही दोघंच फिरलो. मामांचा आवाज तसाच खणखणीत, वीस जणांना पुरेल एवढा. मध्येच ते म्हणाले, ‘मागचे जरा पुढं या, तिथून दिसणार नाही.’ मी मागं वळून पाहिलं. कुणीच नव्हतं. मग मीच दोन पावलं पुढं सरकलो, आणि ते समाधानानं पुढं बोलू लागले.

शेवटच्या बंगल्याच्या फाटकाशी मात्र त्यांचा आवाज खाली आला. ‘तुला यातलं काही आवडत नाही, ठाऊक आहे मला,’ ते म्हणाले. ‘पुढच्या रविवारी चित्रं नकोत बघायला.’

‘मग काय करायचं, मामा?’

‘काही नाही रे. नुसताच ये.’