पांढऱ्या उंदराचं बी

अमरावतीच्या त्या दुपारी आठवल्या की आधी वास येतो: उंदरांचा, भिजल्या हरभऱ्याचा आणि कापसाचा. साठच्या दशकात मी कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते आणि पांढरे उंदीर माझ्याकडे असायचे. माद्यांना घरटं करायला आम्ही कापूस द्यायचो. त्याचे तंतू दिवसभर उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहायचे. सुट्टीच्या दिवशी तिथं बसलं की आपण जागे आहोत की झोपेत, ते कळत नसे.

एका पिंजऱ्यात मात्र पिलं होत नव्हती. आम्ही काय केलं? मादी बदलली. तरी नाही, म्हणून पुन्हा मादी बदलली. नर गुटगुटीत, मिशा फेंदारून हिंडणारा. त्याच्यावर संशय घ्यावा असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. शिकलेली माणसं आम्ही, पण चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात कुणाच्या मागे नव्हतो. काढून टाकलेल्या माद्या दुसऱ्या नरांकडे गेल्या आणि पिलांनी पिंजरे भरले, तेव्हा कुठे आमच्या सरांनी त्या नराला चिरून त्याचे शुक्रजंतू काचेवर रंगवले. धड नराच्या शुक्रजंतूची शेपटी लांब, मोकळी असते. याच्या शेपट्या सुतळीच्या गुंड्यासारख्या गुंडाळलेल्या. पोहणार कशा? त्याच्या काही भावांचंही तेच निघालं. सर म्हणाले, आईबाप दोघं धडधाकट, पण दोघांतही हा दोष झाकून होता. ज्या पिलाला तो दोघांकडून मिळाला, त्याच्यात उघडा पडला.

त्याच उन्हाळ्यात ताई माहेरी आली होती. अकोल्याकडे दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं, आणि सासरी भाऊजींसाठी दुसरी मुलगी पाहणं चाललं होतं. कायद्यानं बंदी होती खरी, पण कायदा बडनेऱ्यालाच गाडीतून उतरायचा, गावापर्यंत पोचायचा नाही. भाऊजींच्या काकांनीही दोन बायका केल्या होत्या. पाळणा एकीचाही हलला नाही आणि वांझ मात्र दोघी ठरल्या. मला संताप यायचा. ताई नुसती डोळे मिटून पडून राहायची.

एका दुपारी मी तिला लॅबमध्ये नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली धड नराची आणि त्या नराची, अशा दोन्ही काचा दाखवल्या, उंदरांची सगळी गोष्ट सांगितली. त्या जांभळट उजेडात ती किती वेळ डोळा लावून होती. आजूबाजूला कापूस तरंगत होता. मग हळूच म्हणाली, "पेरायच्या आंधी आमच्या घरी बी ओल्या फडक्यात बांधून पाहतेत. उगवलं नाही तं बी फेकतेत, वावर नाही. मंग माह्याच वेळेस वावराले काहून नावं?"

चार दिवसांनी भाऊजी आले, ते तिला न्यायला नाही. मुलगी ठरत आल्याचं सांगायला आले होते. ताईनं ऐकून घेतलं आणि त्यांना सरळ लॅबमध्ये घेऊन आली. उंचपुरा माणूस, स्टुलावर वाकून बसला. बोलली तीच. मी खिडकीशी उभी होते.

"या उंदराले मालूम असन का?" भाऊजींनी डोळा न काढता विचारलं.

"त्याले कोन सांगनार? तुमाले मी सांगून राहिली. आंधी सोताले तपासून घ्या."

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. काय निघालं ते ताईनं मला सांगितलं नाही, पण मुलगी पाहणं थांबलं आणि ती सासरी गेली.

पुढच्या वर्षी भाऊजींच्या पुतणीच्या डोहाळजेवणाला मी त्यांच्या गावी होते. ओटी भरायची वेळ आली तशी बायकांनी ताईला मागे सरकवलं. मूल नसलेलीच्या हातची ओटी चालत नसे. ती भिंतीशी जाऊन बसली. अंगणात पुरुषांची पंगत होती. भाऊजी ताटावरून उठले, उष्ट्या हातानं दारात आले आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पयली ओटी तिले भरू द्या. उणं माह्यात हाय, तिच्यात नाही."

मग पुतणी पोट सावरत उठली, ताईपुढे येऊन बसली आणि तिनं पदर पसरला.